तीनदा परत आलेली दुरुस्ती

तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं तेव्हा मी हातातला कप इतक्या जोरात आदळला की अर्धा चहा कीबोर्डात गेला. कीबोर्ड उलटा धरून झटकता झटकता मी ते उत्तर पुन्हा वाचलं.

‘ही टेस्ट तुमची दुरुस्ती काढून टाकली तरी पास होते. कृपया पाहावे. – म. वा. वालावलकर.’

ना नमस्कार, ना आभार. आठवडाभर खपून मी त्यांच्या घरचं छप्पर शाकारून द्यावं आणि त्यांनी अंगणात उभं राहून एखादं कौल वाकडं असल्याचं सांगावं, तसला प्रकार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. कोल्हापुरात राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या वर आमची पाच जणांची सॉफ्टवेअर कंपनी होती. आम्ही वेबसाइटी बांधायचो आणि त्या ‘जोतं’ नावाच्या फ्रेमवर्कवर उभ्या करायचो. जोतं म्हणजे तयार पाया. तो कुणालाही फुकट वापरता यायचा, आतला कोड उघडून बघता यायचा आणि चूक सापडली तर दुरुस्ती पाठवता यायची. दुरुस्ती घ्यायची की नाही, हे मात्र एकच माणूस ठरवायचा. ते म्हणजे कुडाळचे वालावलकर सर, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले. त्यांचा दंडक असा की दुरुस्तीबरोबर एक टेस्ट पाठवायची. ही टेस्ट म्हणजे चूक पकडणारा छोटा प्रोग्राम. चूक असताना ती नापास, म्हणजे स्क्रीनवर लाल, झाली पाहिजे आणि दुरुस्तीनंतर पास, म्हणजे हिरवी, झाली पाहिजे. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यात फरक असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चूक सापडली होती ती एका रक्तपेढीच्या कामात. पंचगंगेच्या पुरात त्यांच्या तळमजल्यावरची जुनी रजिस्टरं भिजून लगदा झाली होती, म्हणून रक्तदात्यांची नोंद ठेवायची वेबसाइट आमच्याकडून करून घेतली. तिथे साध्या दात्यांसाठी ‘रक्तदाता’ नावाचा क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, होता. त्याचं सगळं घेऊन वर स्वतःचे दोन रकाने बाळगणारा दुसरा क्लास होता, ‘दुर्मिळदाता’. आमच्या धंद्यात याला इनहेरिटन्स म्हणतात. दोन्ही प्रकारच्या माणसांच्या नोंदी एकाच टेबलात जायच्या आणि कोण साधा, कोण दुर्मिळ, हे एका रकान्यात लिहिलं जायचं.

दुर्मिळ म्हणजे मुख्यतः बॉम्बे गटाची माणसं. ती हजारोंत एखादी सापडते. नेहमीच्या तपासणीत त्यांचं रक्त ‘ओ’ दिसतं, पण त्यांना स्वतःला ओ रक्त चालत नाही, बॉम्बेच लागतं. दुसरं काही चढवलं तर जीव जाऊ शकतो. रक्तपेढीच्या यादीत असे नऊ जण होते. एक दिवस ते सात झाले. दोघं कुणीही न पुसता गायब झाले होते. म्हणजे नोंदी होत्या, पण त्यांवर ‘रक्तदाता, गट ओ’ एवढंच उरलेलं. कुठेतरी सेव्ह करताना जोतंच त्यांना साधं करून टाकत होतं, आणि तेही निमूटपणे.

मी जोत्याच्या डेटाबेसच्या भागात शिरले, चार दिवस डोळे फोडले, एक जागा शोधली, दुरुस्ती लिहिली, टेस्ट लिहिली. टेस्ट हिरवी झाली. कुडाळला पाठवली. ती परत आली. काना-मात्रा बदलून पुन्हा पाठवली. पुन्हा परत.

“अगं, फोन करून विचार की त्यांना,” शकीला मॅडम म्हणाल्या होत्या. शकीला मुजावर, रक्तपेढीच्या तंत्रज्ञ. बावीस वर्षं तिथेच. सगळ्या गावाच्या शिरा त्यांना पाठ.

“काय विचारू? हट्टी म्हातारा आहे. नियमाशिवाय पाणी पिणार नाही,” मी म्हणाले. “ते घेऊ देत नाहीतर न घेऊ देत. तुमच्या सर्व्हरवर मी माझी दुरुस्ती बसवलीय. आता बिनधास्त वापरा.”

“नक्की?”

“मॅडम, टेस्ट पास झालीय.”

शकीला मॅडमच्या टेबलाच्या काचेखाली त्या नऊ जणांची हाताने लिहिलेली यादी होती. तिच्यावरूनच मी हरवलेले दोघं परत भरले होते. ते झाल्यावर मी काच उचलून ती यादी बाहेर काढायला लावली. दोन याद्या असल्या की एक जुनी होते आणि घोळ होतो, असं ज्ञान मी त्यांच्यासमोर पाजळलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागद फाडून टोपलीत टाकला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी हे तिसरं उत्तर आलं होतं. कीबोर्ड झटकून झाल्यावर मी जोत्याच्या फोरमवर गेले. तिथे सगळे वापरणारे एकमेकांशी बोलायचे. मी लिहिलं, की ज्या फ्रेमवर्कचा कर्ता माणसांच्या जिवापेक्षा आपल्या दंडकाला जास्त जपतो, त्याचं जोतं कितीही पक्कं असलं तरी त्यावर घर बांधू नये. तासाभरात चाळीस जणांनी ‘अगदी बरोबर’ म्हणून माना डोलावल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत शकीला मॅडमचा फोन आला.

“शलाका, दुर्मिळची यादी उघडंना झालीय.”

“उघडत नाही की रिकामी दिसते?”

“रिकामी.”

मी डबा तसाच ठेवून रिक्षा केली.

रक्तपेढीच्या बाकावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता. हातात शस्त्रक्रियेची चिठ्ठी, पायात चिखलाच्या चपला. आकाराम चौगुले, राधानगरीकडचा. त्याची मुलगी दीपाली स्कूटरवरून पडली होती आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. गुरुवारी सकाळी ऑपरेशन. गट बॉम्बे निघालेला. दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय डॉक्टर चाकू लावणार नव्हते.

“काय म्हनतोय कम्प्युटर?” त्याने मला विचारलं. मी आत पळाले.

यादी खरोखरच रिकामी होती. नऊच्या नऊ गेले होते.

“तुम्ही काय केलंत?” माझा आवाज चढला. “या नोंदींना कुणी हात लावला?”

“मीच लावला,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “तू म्हणालीस ना बिनधास्त वापरा. मग मी आणि दोन पोरी मिळून सगळ्या दात्यांना फोन लावत बसलो. कुणाचा नंबर बदललाय, कुणाचा पत्ता. तीन आठवड्यांत सहाशे नोंदी ताज्या केल्या. वेळेला माणूस सापडावा म्हणून गं.”

“दुर्मिळ दात्यांच्या स्क्रीनवरून केलंत ना?”

“ती कोण उघडतंय? फोनवरचा माणूस नाव सांगतो, आम्ही साध्या दात्यांच्या पानावर नाव शोधतो, नंबर बदलतो, सेव्ह करतो. सगळे तिथंच सापडतात की.”

मी बॅकअप उघडला. तो सात दिवसांचाच राहायचा, आणि सात दिवसांपूर्वीही सगळे ओ झालेलेच होते. शकीला मॅडम डोळे मिटून बसल्या आणि बोटांवर मोजत आठवू लागल्या. हुपरीचा एक चांदी कारागीर. गडहिंग्लजचे मास्तर, पण त्यांनी गेल्या महिन्यातच रक्त दिलेलं. एक पोरगा दुबईला गेलेला. एक बाई बाळंतपणाला माहेरी. पाचवा काविळीने आडवा. पुढची चार नावं काही केल्या येईनात. ती चौघं त्या सहाशेत कुठेतरी ओ होऊन बसली होती, आणि सहाशेत ओ होते एकशे ब्याऐंशी.

“कागद असता तर,” मॅडम म्हणाल्या, आणि पुढचं गिळलं. त्या मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवारी सकाळी दहाला मी कुडाळला फोन लावला. रात्रभर मनात जुळवलेलं सगळं एका दमात ओकले. तुमच्या जोत्यामुळे इथे एका मुलीचं ऑपरेशन अडलंय. तीन आठवड्यांपूर्वी माझी दुरुस्ती घेतली असती तर. टेस्ट, टेस्ट, टेस्ट. माणसं मरतील सर, टेस्ट नाही मरत.

मी दम घ्यायला थांबले. मग एक म्हातारा, घसा बसलेला आवाज आला. “बेनाडीकर, तुमच्यासमोर मशीन आहे का?”

“आहे.”

“तुमची दुरुस्ती काढून टाका. सगळी. जोत्याचा मूळ, चुकलेला कोड ठेवा.”

“कशाला?”

“ठेवा. आता तुमची टेस्ट चालवा.”

मी दात-ओठ खात चालवली. टेस्ट हिरवी झाली.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. चूक जशीच्या तशी आत होती, आणि ती पकडायला मी बसवलेला पहारेकरी सगळं ठीक आहे म्हणून सलाम ठोकत होता. माझी टेस्ट दुर्मिळ दाता तयार करायची, दुर्मिळ दाता म्हणूनच उघडायची आणि दुर्मिळ दाता म्हणूनच सेव्ह करायची. त्या वाटेवर चूक कधी नव्हतीच. चूक होती ती त्याला साधा रक्तदाता म्हणून उघडून सेव्ह केल्यावर. तेव्हा जोतं त्याच्या प्रकाराच्या रकान्यात ‘रक्तदाता’ लिहायचं आणि जास्तीचे दोन रकाने पुसायचं. शकीला मॅडम सहाशे वेळा त्याच वाटेने गेल्या होत्या. मी एकदाही गेले नव्हते. नाचता येईना आणि मी कुडाळचं अंगण वाकडं म्हणत होते.

“पास झाली,” मी म्हणाले.

“हेच लिहिलं होतं मी. तीनदा.”

“मला वाटलं तुम्ही खुसपट काढताय.” मग अंगातला उरलासुरला राग उसळला. “आणि एवढं कळत होतं तर नीट सविस्तर सांगायचं होतं, सर! एका ओळीत काय कळतं माणसाला?”

मला वाटलं, आता फोन ठेवणार.

“तेही खरं,” ते म्हणाले. “तुमचा नंबर प्रत्येक मेलखाली होता. दुसऱ्या वेळी मी फोन करायला हवा होता. मला वाटलं, मुलगी हुशार आहे, स्वतः शोधेल. आणि काल फोरमवर वाचल्यावर तर मीही रुसून बसलो. या वयात शोभत नाही ते.” ते खाकरले. “रडताय का?”

“नाही.”

“मग नवीन टेस्ट लिहा. साध्या दाराने आत जा. आधी ती नापास होऊ दे. दुरुस्ती नंतर.”

फोन कानाला तसाच ठेवून मी लिहिली. लाल झाली. आयुष्यात लाल रंग बघून मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं. मग खरी जागा शोधायला आम्हा दोघांना पंचवीस मिनिटं लागली. मूळ क्लासच्या सेव्हमध्ये चार ओळी. नोंद आधीपासून कोणत्या प्रकारची आहे, हे विचारल्याशिवाय प्रकार लिहायचा नाही, एवढंच. पलीकडे सरांनी स्वतः दुरुस्ती काढून टेस्ट चालवली, घालून चालवली, पुन्हा काढून चालवली. मग म्हणाले, “घेतली.”

“सर, फोरमवरचं मी पुसून टाकते.”

“पुसू नका. चाळीस लोकांनी वाचलंय. त्याखाली तुमची टेस्ट चिकटवा आणि ती काय करत होती ते लिहा. पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल.”

मी लिहिलं. त्याखाली कुणीही मान डोलावली नाही.

नवी दुरुस्ती मी रक्तपेढीच्या सर्व्हरवर बसवली, पण पुसलेली माणसं चार ओळींनी परत येत नाहीत. बुधवारी दुपारपासून मी आणि शकीला मॅडम दोन फोन घेऊन बसलो. एकशे ब्याऐंशी ओ. हुपरीचा कारागीर लगेच आला, त्याची पिशवी झाली. दुसरी हवी होती. “नमस्कार, रक्तपेढीतून बोलतेय. तुम्हाला कधी तुमचा गट वेगळा आहे असं सांगितलं होतं का?” कुणी म्हणायचं, ओ निगेटिव्ह का? कुणी म्हणायचं, ताई, मी शेतात आहे, संध्याकाळी करा. कुणाला वाटायचं, आम्हाला काही रोग निघालाय. एका बाईंना मी समजावेपर्यंत त्यांनी नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं. आकाराम चौगुले बाकावरून प्रत्येक फोनला मान वर करायचा आणि आमचा चेहरा बघून खाली घालायचा. त्याच्याकडे बघायचं मी सोडून दिलं होतं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता ऑपरेशनची वेळ टळली. डॉक्टरांनी सोमवार दिला. चौगुलेने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

दुपारी दीड वाजता, एकशे एकतिसाव्या फोनला, कागलच्या बालवाडीच्या एक बाई म्हणाल्या, “अहो, तुम्हीच कार्ड दिलंत ना मला? जपून ठेवा म्हणाला होतात. पर्समध्येच आहे.” शकीला मॅडमनी रिसीव्हर छातीशी धरला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्या क्षणी मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. मी नुसती पुढचा नंबर फिरवायला लागले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

शनिवारपर्यंत आणखी दोघं सापडले. नववा सापडला नाही. त्याचा नंबर लागत नसावा, किंवा तो आमच्याशी बोलला असेल आणि ‘माझा ओ’ म्हणून त्याने फोन ठेवला असेल. आज सोळा वर्षं झाली, मी पुण्यात आहे, दुसऱ्यांच्या टेस्ट तपासते आणि कठोर आहे असा माझा लौकिक आहे. तो माणूस कोण, हे मला अजून माहीत नाही. उद्या त्यालाच रक्त लागलं तर यादीत त्याचं नाव नसेल.

सोमवारी दुपारी चार वाजता मी रक्तपेढीत बसून सापडलेल्या माणसांना पुन्हा दुर्मिळ म्हणून भरत होते. चौगुले आत आला. चेहऱ्यावरून कळलं, तरी मॅडमनी विचारलं.

“झालं. शुद्धीवर आली. भूक लागली म्हनतीया.”

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता बोलणार, आणि बोलायलाच पाहिजे. मीच आधी म्हणाले, “काका, यादी माझ्यामुळे गेली होती. चार दिवस तुमच्या मुलीला माझ्यामुळे थांबावं लागलं.”

“मॅडमनी सांगितलं मला.” तो स्क्रीनकडे वळला. “आता किती हाईत त्यात?”

“आठ. एक हरवला.”

“माझ्या पोरीला लिवलं का?”

मी मॅडमकडे पाहिलं. हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“ती पेशंट आहे, भाऊ,” मॅडम म्हणाल्या.

“जन्मभर न्हवं. बरी झाली म्हंजे ती बी दील की कुनाला. लिवा.”

मी नाव घातलं. वय, गाव, गट. ‘सध्या रक्त घेऊ नये’ असा शेरा. दीपालीचा मोबाइल नंबर. सेव्ह. यादीत नऊ नावं झाली. मी खुर्ची मागे सारली.

“आता नंबर बदला,” तो म्हणाला.

“का? चुकलाय का?”

“बरोबर हाय. पर मॅडम म्हनत हुत्या, नंबर बदलला की मानूस जातंय. तर माझ्यासमोर बदला. तिचा काढा, माझा घाला. बघू जातीया का ऱ्हातीया.”

बुधवारपासून मी ती टेस्ट शंभरदा तरी चालवली असेल, सरांनीही चालवली होती. तरी मी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मी साध्या दात्यांचं पान उघडलं. नाव शोधलं. दीपालीचा नंबर खोडला. चौगुले एकेक आकडा सांगत गेला आणि मी घालत गेले. शकीला मॅडम उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. मी सेव्ह दाबलं आणि दुर्मिळ दात्यांची यादी उघडली.

चौगुलेने वाकून, स्क्रीनवर बोट टेकवून, वरपासून एकेक ओळ मोजली. नवव्या ओळीवर बोट थांबलं. त्याने ओठ हलवत नाव वाचलं, सावकाश, आडनावासकट.

“हाय की,” तो म्हणाला. “हितंच हाय.”

मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.